आईची हाडं आणि माझं "नाही"

डॉक्टरांचा प्रश्न पुरता संपायच्या आधीच मी उत्तर दिलं होतं. "गेल्या वर्षभरात यांना हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका..." एवढं त्या बोलल्या आणि मी म्हणाले, "नाही."

शेजारच्या खुर्चीत आई होती. तिने पदर सारखा केला आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मणक्यांकडे बघत राहिली.

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं ऑफिस सांभाळते. लिफ्टची देखभाल, आग विझवायच्या सिलेंडरच्या तारखा, कोणाची रजा, कोणाचं ओळखपत्र, सगळं माझ्याकडे. घरीही तेच. बाबा गेल्यावर आई धाकट्या भावाकडे दहिसरला राहायला लागली, मी कांदिवलीला. कोणी न ठरवता वाटणी झाली: घर त्याचं, डॉक्टर माझे. आईची फाइल माझ्या कपाटात असते. रक्त, डोळे, दात, साखर, असे कप्पे केलेले. दर शनिवारी मी दहिसरला जाते आणि तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून येते. यात मोठेपणा काही नाही. कोणीतरी करायला हवं होतं आणि मला ते जमतं.

जानेवारीत आई गावच्या उकड्या तांदळाचा डबा ओट्याखालून ओढायला वाकली आणि तशीच खाली बसली. पाठीत लचक भरली म्हणून आम्ही तेल लावलं, शेक दिला. दुखणं हटेना. एक्स-रे काढला तर एक मणका पुढच्या बाजूने दबलेला. रिकाम्या खोक्यावर कोणी पाय द्यावा तसा. मग हाडांच्या घनतेची तपासणी केली. त्या आलेखावर आईचा ठिपका लाल पट्ट्यात अगदी तळाला होता.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गेलं वर्षभर आई साडी कमरेला जरा जास्तच वर खोचत होती. मी म्हणत होते, अगं, नीट नेस ना. तिची उंची कमी होत होती आणि साडी जमिनीला लागत होती.

अंधेरीच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्या हाडांच्या याच आजाराचं बघतात. मोकळेपणी बोलणाऱ्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी कागदावर पेनाने हाडाचा तुकडा काढला. म्हणाल्या, हाड म्हणजे दगड नाही, त्यात सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. हाडाच्या आत खोलवर गाडून घेतलेल्या काही पेशी असतात. हाडावर किती भार पडतोय हे त्यांना कळतं. त्या एक प्रोटीन सोडतात, त्याचं नाव स्क्लेरोस्टिन. बांधकाम करणाऱ्या पेशींना ते सांगतं, पुरे आता, थांबा. माणूस चालला, चढला, वजन उचललं की ते प्रोटीन कमी होतं आणि बांधकाम सुरू होतं. माणूस खाटेवर पडून राहिला की ते वाढतं.

आई लक्षपूर्वक ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीचो सेक्रेटरी."

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, दहिसरची बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून सगळे तयार आहेत, पण सेक्रेटरी दरवेळी काहीतरी काढतो आणि काम थांबवतो.

डॉक्टर मोठ्याने हसल्या. "अगदी बरोबर, आजी. आणि मी जे इंजेक्शन देणार आहे ना, ते त्या सेक्रेटरीला धरून ठेवतं. मग काम पटापट होतं. महिन्यातून एकदा, एका वेळी दोन टोचण्या, वर्षभर. आणि वर्ष संपलं की लगेच दुसरं औषध सुरू करायचं. नाहीतर बांधलेलं सगळं हळूहळू जातं."

"सेक्रेटरीक कायमचोच घालवा," आई म्हणाली.

"नाही हं, तोही लागतो. काही घराण्यांत हे प्रोटीन जन्मापासून बनतच नाही. त्यांची हाडं इतकी जाड होतात की नसा दाबल्या जातात, ऐकू यायचं कमी होतं. ब्रेक हवाच. तुमचा जरा जास्त लागलाय."

मग त्या गंभीर झाल्या. हे प्रोटीन रक्तवाहिन्यांतही असतं, तिथे ते नेमकं काय करतं यावर अजून एकमत नाही. पण हे औषध घेणाऱ्या काही जणांमध्ये हृदयाचा त्रास जास्त दिसला होता. म्हणून वर्षभरात हार्ट अटॅक किंवा झटका येऊन गेला असेल तर त्या हे देत नाहीत. आणि मग तो प्रश्न. आणि माझं "नाही". फाइलमधला ईसीजीही मी काढून दाखवला. व्यवस्थित होता. गणपतीच्या आधी काढलेला.

बाहेर पडल्यावर आईने विचारलं, "दबलेलो मणको सरळ होतलो?"

"तो नाही होणार. पण बाकीचे दबणार नाहीत."

"म्हणजे आता आसय तितकी तरी सरळ रवान."

"हो."

"मग घेऊया," ती म्हणाली.

मी कामाला लागले. आधी ड जीवनसत्त्व भरून काढलं. दातांच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. फेब्रुवारीत पहिल्यांदा टोचलं. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, म्हणून औषधवाल्याकडून बर्फाच्या डब्यात घ्यायचं, क्लिनिकमध्ये गेल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवायचं, मग पोटावर टोचायचं. रिक्षाचे धक्के नकोत म्हणून आम्ही मेट्रोने जायचो. डबा माझ्या मांडीवर, आई खिडकीपाशी. आई त्या दिवशी चांगली साडी नेसायची. परतताना विचारायची, "सेक्रेटरी गप झालो?" आणि मी म्हणायचे, "तोंडाला कुलूप." पाठीचं दुखणं कमी होत गेलं. मार्चमध्ये ती बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, झेपेल तेवढा भार द्या, नुसतं बसवून ठेवू नका.

ते दिवस चांगले होते. आता त्या आठवणीचाही राग येतो.

मे महिन्यात चौथ्यांदा गेलो. डॉक्टरांनी आईचा पदर बाजूला केला आणि थांबल्या. मागच्या टोचणीच्या जागी तळहाताएवढा डाग होता, कडेला पिवळा पडलेला, मध्ये अजून निळसर.

"हे महिन्यापूर्वीचं? अजून आहे? आजी, रक्त पातळ ठेवायची गोळी घेता का?"

"नाही," मी म्हणाले. "तिच्या सगळ्या गोळ्या मीच भरते."

आई दरवाज्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि सुईचं टोपण परत लावलं. "आज नको. घरी जाऊन घरातल्या सगळ्या गोळ्या बघा. सगळ्या. आणि मला फोन करा."

मेट्रोत मी दोनदा विचारलं. आई म्हणाली, "घराक चल." डबा माझ्या मांडीवर तसाच होता. आतला बर्फ वितळल्याचा आवाज येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

दहिसरला भावाची बायको कणीक मळत होती. भाऊ शनिवारचा घरीच, टीव्हीसमोर. मी चपला काढता काढता विचारलं, "आई माझ्या डबीशिवाय अजून कुठल्या गोळ्या घेते?"

भावजयीचे हात कणकेत थांबले. तिने सासूकडे बघितलं. सासूने चष्मा काढून पुसायला घेतला.

"अगं, बोला ना कोणीतरी!"

"ताई, बस आधी," भाऊ म्हणाला.

"बसत नाही. दाखव."

भावजय हात न धुताच उठली. ओट्याच्या वरच्या फळीवर आमसुलाची बरणी असते. तिच्यामागून तिने एक छोटी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. पिशवीला कणीक लागली. आत रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि जिभेखाली ठेवायची गोळी. ती जिभेखालची गोळी कशासाठी असते हे मला माहीत होतं. बाबांच्या खिशात असायची.

मग भावाने सांगितलं. गेल्या गणपतीत ते गावी गेले होते. माझ्या सासरचा गणपती कांदिवलीलाच असतो, त्यामुळे मी कधी जात नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आईच्या छातीत दुखलं, घाम फुटला. तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक होता, फार मोठा नाही. तीन-चार दिवस ठेवून गोळ्या देऊन सोडलं. आई दिवाळीपर्यंत गावी राहिली. मला सांगितलं होतं की तिला तिथली हवा मानवतेय.

"आणि मला कोणी फोन केला नाही?"

"घरात गणपती होता, ताई. काका म्हणाले, विसर्जन होऊ दे, मग कळवू. तुमच्याकडे पण गणपती बसलेला. अशा वेळी कोण सांगतं गं?"

हे मला समजतं. आमच्याकडे असंच आहे. गणपती असेपर्यंत वाईट बातमी उंबऱ्याबाहेर ठेवतात. आत्या गेल्याचंही बाबांना पाचव्या दिवशी, विसर्जनानंतर कळलं होतं. मी स्वतः एकदा चुलतभावाच्या अपघाताची गोष्ट अशीच दाबून ठेवली होती.

"ठीक आहे. विसर्जन झालं. मग?"

भावाने टीव्ही बंद केला.

"मग काय? पितृपक्ष? नवरात्र? दिवाळी? तुळशीचं लग्न?"

"मग आई म्हणाली, नको सांगू. ती उगाच फाइल घेऊन धावत येईल."

"फाइल घेऊन धावत येईल," मी परत म्हटलं.

त्याने स्वतःच्या बचावासाठी फोन पुढे केला. गावचे सगळे कसे काळजीत होते ते मला दाखवायला. त्याला वाटलं असावं की यामुळे मला बरं वाटेल. नात्यातल्यांचा एक ग्रुप होता, हॉस्पिटलच्या त्या दिवसांत काढलेला. आज ताप नाही, आज पेज घेतली, आज घरी सोडलं. अंगठे, हात जोडलेली चित्रं. काका, मावशी, चुलतभाऊ. माझा नवरा. त्याने लिहिलं होतं, काही लागलं तर कळवा, हिला मी योग्य वेळी सांगतो.

त्या गणपतीत मी आरतीचं ताट सजवत होते आणि तो शेजारी बसून हे टाइप करत होता.

"तुम्हा सगळ्यांची ती योग्य वेळ कधी येणार होती रे?"

"ताई, प्लीज. ती बरी झाली ना? आपल्याला कुठे माहीत होतं की पुढे हाडांचं निघेल? आणि त्या इंजेक्शनला हार्टचं काही असतं हे तू मला कधी सांगितलंस? तू म्हणालीस, शनिवारी तयार ठेव, मी तयार ठेवली. मला वाटलं, कॅल्शियमसारखंच असेल."

हे खरं होतं. मी त्याला वेळ कळवली होती, बाकी काही नाही. भावजयीलाही माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्यांच्याकडे अर्धी गोष्ट होती, माझ्याकडे दुसरी अर्धी. दोन्ही अर्ध्या एकाच माणसाला माहीत होत्या. ती चष्मा पुसत होती.

"आई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू तिथे होतीस."

"होतंय मी."

"तुला प्रश्न कळला होता."

"माका काय मराठी कळणा नाय?"

"मग माझ्यासमोर तू खोटं..."

"मी खंय खोटा बोललंय?" तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "'नाय' असा तूच सांगलंस. माका कोणी विचारल्यानच नाय."

भावाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते लगेच आवरलं. त्या हसण्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

"त्यांनी इंजेक्शन दिलं नसतं म्हणून तू गप्प बसलीस."

"दिल्यानी असता?"

"नाही."

"मग?" आई म्हणाली. "तुझ्या आजीक बघितलंस मा? कंबरेत मोडान गेली. शेवटची वर्षां जमिनीकडे बघान काढल्यान. माणसाचा तोंड बघूचा तर मान वाकडी करूक लागायची. माका तसा रवाचा नव्हता. हृदय काय, बंद पडला तर एकदाच पडतला."

"आणि पडलं असतं तर? त्या डब्यातून ते इंजेक्शन मी आणत होते, आई. मी."

भावजय परत कणकेकडे वळली. ती मळून झालेली कणीक पुन्हा पुन्हा मळत राहिली.

मी निघाले तेव्हा भाऊ लिफ्टपर्यंत आला. म्हणाला, "तू विचारतेस कुठे गं ताई? तू सांगतेस. सगळ्यांच्या वतीने तूच उत्तरं देतेस." असेल. घरी येऊन मी यावर विचार केला आहे. तरी मला पटत नाही की याची शिक्षा ही होती. जो सगळं नीट ठेवतो, त्याच्यापासून नेमकी एकच गोष्ट काढून घ्यायची, आणि मग त्याच्या नीटपणाच्या भरवशावर पुढे जायचं. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे बघून सुई उचलली होती.

त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. "ही इंजेक्शनं बंद," त्या म्हणाल्या. "आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ते बघून मी दुसरं औषध देते, पाडकाम रोखणारं. नवीन बांधकाम आता नाही, पण तीन महिन्यांत जेवढं झालं तेवढं तरी टिकवू." मग म्हणाल्या, "यापुढे मी आजींनाच विचारत जाईन हं." मी "हो" म्हणाले.

नवऱ्याशी मी चार दिवस कामापुरतं बोलले. तो म्हणाला, योग्य वेळ बघत होतो, मग राहून गेलं. त्याच्या बाबतीत हे खरंच असेल. गॅसची नोंदणीही त्याच्याकडून राहून जाते. त्याच्यावरचा राग निवेल. आईवरचा निवत नाही. तिने मला अंधारात ठेवलं ते एक. पण तिने माझा शब्द वापरला. मी तो किती चटकन देते हे तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

हृदयाच्या डॉक्टरांची वेळ जूनमध्ये मिळाली, अंधेरीला. गावच्या हॉस्पिटलची कागदपत्रं मी भावाकडून मागवली होती. ती आता फाइलमध्ये होती, नवीन कप्प्यात. भाऊ म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको, मीच नेते. सवय सुटत नाही.

तरुण डॉक्टर होते, घाईतले. कागद भराभर चाळले, नवा ईसीजी बघितला. मग पेन उघडून विचारलं, "गणपतीनंतर पुन्हा कधी छातीत दुखलं? जिना चढताना, चालताना? दम लागला?"

आई माझ्याकडे बघायला लागली. अगदी सरळ, वाट बघत. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायला जसा हात पुढे करते, तशी.

माझ्या ओठांवर "नाही" आलं होतं. गेल्या महिन्यांत मी तिला कधी छाती धरताना बघितलं नव्हतं. पण मी दहिसरला राहत नाही. मी फाइल मांडीवर धरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काय हो?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

बाहेर कंपाउंडरने पुढच्या पेशंटला हाक मारली.

"एकदा," आई म्हणाली. "एप्रिलात. जिन्यार. लिफ्ट बंद होती. जरा बसलंय, ती जिभेखालची गोळी घेतलंय, गेला."

एप्रिल. तिसऱ्या टोचणीच्या नंतर. त्या शनिवारी मी तिला विचारलं होतं, कशी आहेस? ती म्हणाली होती, झकास. भावाच्या मुलीकडून शिकलेला शब्द.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. काही तपासण्या सांगितल्या, एक गोळी वाढवली. म्हणाले, आज घाबरण्यासारखं दिसत नाही, पण बरं झालं सांगितलंत. त्या एका वेळेचा इंजेक्शनशी संबंध होता का, हे कोणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणाले. आईने विचारलं, गणपतीक गावाक जाऊ? ते म्हणाले, तपासण्या होऊ देत, मग ठरवू.

मेट्रोत तिला खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर डबा नव्हता, फक्त फाइल. कांदिवली आलं तरी मी उतरले नाही, तिला दहिसरला सोडून परत यायचं होतं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तू गप्प कित्याक बसलंस गो? नेहमी तूच सांगतंस."

मी हात काढून घेतला नाही. पण तिच्याकडे बघितलंही नाही.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.